वसू, तुझ्या रेवाचं काय करू?

वसू, काल पुण्याहून परत फोन आला. तुझ्या संपादकबाईंचा. आवाजात दुःख होतं, खोटं म्हणत नाही, पण घाईही होती. "त्यांच्या जाण्याचं फार वाईट वाटलं हो, मंगलताई," एवढं म्हणून झालं आणि बाई मुद्द्यावर आल्या. पुस्तक छपाईला जायचंय. बाकी सगळं उत्तम आहे, फक्त शेवटचं प्रकरण बदलता आलं तर बघा. रेवानं शेवटी तसं करायला नको. "दिगंबरराव म्हणाले, मंगलताई ठरवतील तेच."

म्हणजे तुझ्या नवऱ्यानं हात झटकले. तो तरी काय करणार म्हणा, चहात साखर किती घालायची हेसुद्धा त्याला तू सांगत होतीस. तुझं तेरावं अजून व्हायचंय आणि माझ्या टेबलावर तुझ्या कादंबरीचा गठ्ठा येऊन पडलाय. ज्या एका प्रकरणावरून आपण दोन वर्षं भांडलो, ते आता माझ्या हातात आहे. मी बदललं तर तू हूं की चूं करू शकत नाहीस. ही काय जिंकायची रीत झाली? समोरचीनं उठून निघून जायचं आणि उरलेलीनं स्वतःला विजयी समजायचं? भांडण असं अर्ध्यावर टाकून जाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

चिडले की मला सगळं पहिल्यापासून सांगायची खोड आहे, तुला ठाऊकच आहे. तेव्हा ऐक, तुझीच गोष्ट तुला सांगते.

तुझ्या त्या शहरात कुणी स्वतःच्या चेहऱ्यानं हिंडत नाही. तेरावं वर्ष लागलं की सरकारकडून साय मिळते. दुधावरच्या सायीइतकी पातळ, रोज सकाळी चेहऱ्यावर पसरायची. डाग, वण, मुरुमं, बसकं नाक, सगळं तिच्याखाली गुडूप. सगळे देखणे, सगळे एका साच्यातले. साय न लावता बाहेर पडलं तर बस थांबत नाही, दुकानदार सामान देत नाही. आणि लावायची नसेल तर 'कारण खात्यात' अर्ज करायचा. ताप आहे, पुरळ उठलंय, घरात मयत झालीय, काय असेल ते कारण लिहायचं. पटलं तर थोड्या दिवसांची सूट. चौदा वर्षांची रेवा अर्ज करते आणि कारणाची जागा कोरी सोडते. तिथून जो गोंधळ उडतो, तो वाचताना मी, एवढी घोडी बाई, जेवण विसरले होते. पोरं रस्त्यावर येतात, रेवाला कोंडतात, तिची आईच तिच्या विरुद्ध जाते, आणि शेवटी कायदा पडतो. खातं बंद. शहर मोकळं.

आणि मग तुझं ते शेवटचं प्रकरण. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवा उठते, आरशासमोर बसते, जुनी डबी उघडते आणि स्वतःच्या हातानं साय चेहऱ्यावर लावते. लावून तलावावर फिरायला जाते. संपलं पुस्तक.

सगळं मुसळ केरात! मी त्याच संध्याकाळी तुला फोन केला होता, आठवतं? म्हटलं, "अगं, मग त्या पोरीनं मार कशाला खाल्ला?"

तू म्हणालीस, "कायदा गेला ना? आता चेहरा तिचा आहे."

"पण का लावते ती? कारण तरी दे!"

तू फक्त हसलीस. त्या हसण्यानं माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या अजून झोंबतायत.

इथं भोपाळच्या सचिवालयात माझा सारा जन्म लोकांचे अर्ज तपासण्यात गेला. रजा हवी, बदली हवी, क्वार्टर हवं, प्रत्येकाच्या अर्जावर मी लाल शाईनं तेच लिहायची, 'कारण स्पष्ट करें'. तुझ्या हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावरही मी लाल पेन्सिलनं मोठ्ठं लिहून ठेवलं, 'कारण?' तू ते पुसलं नाहीस आणि उत्तरही दिलं नाहीस. वर पुढच्या खेपेला काय केलंस, तर कारण खात्यात एक नवी बाई आणून बसवलीस. गळ्यात दोरीला चष्मा, ड्रॉवरमध्ये सुपारीची डबी, आणि समोर आलेल्या प्रत्येकाला "कारण काय?" म्हणून विचारणार.

"वसू, ही मी आहे ना?"

"छे गं! तुझा फक्त चष्मा घेतलाय."

आपली भांडणं शाहपुऱ्याच्या तलावावर व्हायची, कारण सोनागिरीहून तू माझ्याकडे यायचीस आणि घरात सून झोपलेली असायची म्हणून मी तुला बाहेर काढायची. तू सांगलीची, साजूक तुपातली मराठी बोलणारी. मी नागपूरवाल्यांची, इथल्याच तुळशीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. मी "का गं"ऐवजी "काहून वो" म्हटलं की तू बाकावर मागे रेलून हसायचीस. एकदा मी इतकी जोरात भांडले की मक्याचं कणीस भाजणाऱ्या बाईनं विचारलं, "क्या हुआ दीदी, जमीन का मामला है क्या?" तू तिला गंभीरपणे म्हणालीस, "नहीं, एक लड़की है. इनको उसकी शादी की नहीं, शकल की चिंता है."

माझं म्हणणं तेव्हाही सरळ होतं आणि आताही सरळ आहे. हे पुस्तक चौदा-पंधरा वर्षांच्या मुली वाचणार. आधीच त्यांच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी बटणं. माझी नात स्वतःचा फोटो तसा केल्याशिवाय आजीलासुद्धा पाठवत नाही. त्यांना कुणीतरी सांगायला नको, की बाई, नको लावूस? तुझ्यासारखी बाई नाही सांगणार तर कोण सांगणार?

'तुझ्यासारखी बाई' म्हटलं की तुझा चेहरा बदलायचा. तोच तुझा चेहरा, डाव्या डोळ्याभोवती आणि ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत पांढऱ्या डागांचा. कोड. हा शब्द तुझ्यासमोर सगळे टाळायचे आणि तू मुद्दाम वापरायचीस. लहानपणी तुझी आई तुला बावचीचं तेल लावून गच्चीत उन्हात बसवायची, कातडीला फोड यायचे, आणि खाली काका विचारायचे, काही फरक पडला का? हे तू मला हसत सांगितलं होतंस, मी मात्र घरी येऊन रडले. दिगंबरराव सुट्टी काढून भोपाळहून तुला बघायला आले, तेव्हा आईनं पावडरचा थर देऊन तुला तयार केलं. तू पोहे घेऊन जायच्या आधी मोरीत जाऊन खळाखळा तोंड धुतलंस. दिगंबररावांनी तुझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पोहे तुम्ही केलेत?" तू म्हणालीस, "नाही, आईनं." ते म्हणाले, "मग खातो." या एका वाक्यासाठी तुझ्या नवऱ्याचे पुढचे सगळे गुन्हे मी माफ केलेत.

हा किस्सा मी किती जणींना सांगितला असेल! मंडळाच्या हळदीकुंकवात, माझ्या भाच्यांना, पार्लरमध्ये जाणाऱ्या पोरींना. बघा, वसूताईंकडे बघा, आयुष्यात कधी लपवलं नाही. एकदा तू मागे येऊन उभी होतीस, मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर चपला घालता घालता तू म्हणालीस, "मंगल, मला तुझ्या झेंड्याची काठी करू नकोस. कधी काठीलाही वाकावंसं वाटतं." मी म्हटलं, जास्त शहाणपणा करू नको. तू खरंच जास्त शहाणी होतीस, हा तुझा दोष मी शेवटपर्यंत सहन केला.

आता त्या दिवसाचं बोलते. ज्या दिवशी तू गेलीस.

तुझ्या मुलाचा, निखिलचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. सोनागिरीला पोचले तर अंगणात खुर्च्या लागलेल्या आणि आतल्या खोलीत मंडळाच्या बायका गोळा झालेल्या. तुला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातभर बांगड्या, मळवट. तो तुला चालला असता, मला ठाऊक आहे. कुंकवाशी तुझं भांडण नव्हतं. पण मी पुढे वाकून पाहिलं आणि माझ्या अंगाची लाही झाली. डोळ्याभोवतीचा डाग नाही. ओठाजवळचा नाही. हनुवटी एकसारखी गव्हाळ. मेकअप! तुला मेकअप केला होता! आणि त्या बायका काय म्हणत होत्या ऐक: "किती सुंदर दिसतायत हो! डाग अगदी गेलेच की!" जणू मरण म्हणजे औषध होतं आणि ते तुला एकदाचं लागू पडलं.

वसू, मला तुझ्या पुस्तकातलं शहर तिथं, त्या खोलीत दिसलं. म्हटलं, जन्मभर जे हिनं लावलं नाही, ते आता हात हलवू शकत नाही म्हणून हिच्यावर चढवलं. मी कुणाला काही विचारलं नाही. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवलं आणि तुझा गाल पुसायला लागले. बायका "अहो, हे काय!" करत राहिल्या. एका बाजूनं डाग वर आला, तुझा तो ओठाजवळचा, ओळखीचा, आणि मला बरं वाटलं. आता तू माझ्यासारखी, म्हणजे तुझ्यासारखी दिसत होतीस.

तेवढ्यात रिचानं माझं मनगट धरलं.

तुझी सून. भोपाळची, हिंदीवाली, लग्नातल्या नवरींना सजवून संसार चालवणारी. तुला पहिल्यापासून आवडायची, मला पहिल्यापासून तिच्या त्या ब्रशांच्या पेटीचा राग. डोळे सुजलेले होते तिचे, पण पकड घट्ट होती.

"मौसी, मत पोंछिए. मम्मी ने खुद बोला था."

"काय बोलली होती?"

"दिवाली के बाद, जब तबीयत थोड़ी ठीक थी. मेरी कुर्सी पर आके बैठ गईं. बोलीं, रिचा, मुझे भी दिखा, मैं कैसी लगती हूँ. मैंने सब मिला-मिला के शेड बनाया, बहुत टाइम लगा. शीशा देखके बहुत हँसीं. बोलीं, ये तो मेरी छोटी बहन है. फिर धोया नहीं मौसी, वैसे ही खाना खाया, वैसे ही टीवी देखा. रात को बोलीं, जब जाऊँगी ना, तब ऐसे ही तैयार करना."

माझा हात तुझ्या गालावरच होता. मी विचारलं. दुसरं काय विचारणार होते, तूच सांग? "पण का? कारण काही सांगितलं का तिनं?"

रिचानं मान हलवली. "पूछा था मैंने. बोलीं, मन है."

मन है! हे काय कारण झालं? अर्जावर असं कुणी लिहून आणलं असतं तर मी तो टेबलावरून परत केला असता. सांगायचंस ना तिला, की जगाच्या नजरा झेलून थकले. सांगायचंस, की दिगंबररावांना एकदा दाखवायचं होतं. आईची शेवटी इच्छा पुरी केली, असं सांगितलं असतंस तरी मी रडून मान्य केलं असतं. काहीतरी द्यायचंस गं हातात. तू माझ्यासाठी एक कारण ठेवून जाऊ शकली नाहीस?

आणि रिचा पुढे काय म्हणाली माहीत आहे? रडता रडता तिला हसू आलं. "मम्मी ने ये भी बोला था, मंगल चिल्लाएगी. चिल्लाने देना."

मग त्या पोरीनं पेटी आणली, आणि मी पुसलेला गाल परत करायला बसली. तुझी मान एका बाजूला कलत होती. "मौसी, ठोड़ी पकड़िए ना," म्हणाली. आणि मी धरली. मी, मंगल, तुझी हनुवटी दोन बोटांत धरून बसले आणि माझ्या डोळ्यांदेखत तुझा डाग पुन्हा रंगाखाली गेला. इतकी थंड होती तुझी हनुवटी. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि एवढ्या हलक्या हातानं मी कधी काही धरलंही नाही.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी मनात भांडतेय. स्वयंपाक करताना, औषधाची गोळी घेताना, तलावावर एकटी चालताना. काल संपादकबाईंचा फोन ठेवला, गठ्ठा उघडला, लाल पेन्सिल घेतली. दोन ओळी बदलल्या की झालं. रेवा डबी उचलते आणि तलावात फेकून देते. टाळ्या. मी ते वाक्य मनात जुळवूनही ठेवलं होतं, चांगलं जुळलं होतं. पेन्सिल टेकवणार, तर समोर आरशात माझंच कपाळ दिसलं. टिकली होती त्यावर. सकाळी लावलेली.

आणि मला आमचे हे गेले तेव्हाचं आठवलं.

मी महिनाभरानं टिकली लावून बाहेर पडले होते. सुनेनं विचारलं, आई, का? नणंदेनं नागपूरहून फोन करून विचारलं, का गं? मंडळात तर उघड कुजबुज. कुणी चांगल्या मनानंही विचारलं, ताई, तुम्ही सुधारणा म्हणून लावता का? मी प्रत्येकीला वेगळं कारण देत होते. सवय आहे. ह्यांना आवडायचं. नसली की कपाळ मोकळं वाटतं. खरं तर मलाच ठाऊक नव्हतं. काही दिवस लावायची, काही दिवस नाही लावायची. तू त्या काळात रोज येत होतीस. टिकली असली की माझ्याकडे बघायचीस, नसली की तसंच बघायचीस, आणि म्हणायचीस, "चल, जिलेबी खाऊ." इतक्या वर्षांत एकदाही तू मला विचारलं नाहीस, का.

अगं मूर्ख बाई, हे तू भांडणात का नाही काढलंस? दोन वर्षं मी तुझ्या रेवाच्या मागे लाल पेन्सिल घेऊन लागले होते, तुला एकदा फक्त माझ्या कपाळाकडे बोट दाखवायचं होतं. मी जागच्या जागी गप्प झाले असते. हुकमाचा पत्ता हातात ठेवून हरणारी तूच. तुला भांडताच येत नव्हतं, वसू. तुला फक्त मैत्री करता यायची, आणि ती इतकी की समोरचीला कळूही नये.

मला अजून तुझा शेवट पटलेला नाही, हे नीट लक्षात ठेव. रेवानं ती डबी फेकायला हवी होती. माझी नात हे पुस्तक वाचेल आणि मला विचारेल, आजी, मग मी फोटो गुळगुळीत केला तर काय बिघडलं? तेव्हा मी काय उत्तर देणार आहे, मला माहीत नाही. ते काम तू माझ्यावर टाकून गेलीस, वर हसत असशील. पण रेवा माझी नाही, तुझीही नाही राहिली. चेहरा तिचा आहे.

आज दुपारी मी पुण्याला फोन लावला. म्हटलं, "शेवट आहे तसाच राहील. एक शब्द हलणार नाही."

"ठीक आहे, मंगलताई. पण वाचक विचारतील हो. एवढं सगळं झाल्यावर तिनं साय का लावली? निदान एखादं वाक्य… काही कारण?"

"तिचं मन होतं," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच."

फोन ठेवला, खोलीचं दार लावून घेतलं, आणि मग तुझ्या नावानं जे ओरडायचं होतं ते ओरडले. सून धावत आली, दार वाजवायला लागली, काय झालं म्हणून. तिला काही सांगितलं नाही. तुला माहीत आहे.